चिंताकीच्या पहाऱ्यातलं ते एक मिनिट

दोन हजार पंचवीस साल. तू अडुसष्ट वर्षांचा, मी शहात्तरचा. रांगेत आधी मी उभा होतो. तू रांग मोडून पुढं गेलास, शिवराज, आणि हे मला पटलेलं नाही. लोक म्हणायलेत, अण्णा, गेलेल्या माणसाशी भांडू नये. मग कुणाशी भांडू? जे जिवंत आहेत त्यांतलं कोण येतंय माझ्याशी भांडायला?

तुला मातीत बसवलं तेव्हा मी जवळच उभा होतो. बेलाची पानं टाकली, विभूती टाकली. तुझ्या शेतातली काळी माती ओली होती, मुठीला चिकटली, झटकावी लागली. सगळे म्हणत होते, शिवराज लिंगैक्य झाला. मी म्हणत होतो, ह्याचं आणि माझं बोलणं अर्धं राहिलंय, ते पुरं करू द्या आणि मग काय व्हायचं ते होऊ दे. पण मनातल्या मनात. तोंडानं बोलायची माझी वेळ दोन वर्षांपूर्वी होती. ती मी घालवली. तेच सांगायला बसलोय.

पस्तीस वर्षं तू दर रविवारी माझ्या दुकानात आलास. भालकीच्या स्टँडमागची पत्र्याची खोली, उन्हाळ्यात तापायची, पावसाळ्यात गळायची. तू साखर कारखान्यात मीटर-बिटर सांभाळणारा, बीदरला डिप्लोमा केलेला, कानडीत शिकलेला माणूस. मी चौथी मराठी. पहिल्यांदा आलास तेव्हा कारखान्याच्या गणपतीचा जळका अँप्लिफायर खांद्यावर घेऊन आला होतास आणि मला म्हणालास, "मिस्त्री, वाल्व बदलला, तरी तापायलाय, कामून?" मी वर न बघता म्हणलो, "वाल्व बदललास, बायस कुणाच्या बापानं बदलायचा?" दुसरा कोणी असता तर मशीन उचलून गेला असता. तू स्टूल ओढून बसलास. त्या दिवसापासून मी तुझा अण्णा झालो आणि ते स्टूल तुझं झालं.

बायस म्हणजे काय हे मला कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. हाताला कळायचं, तोंडाला यायचं नाही. तू एकदा तुझ्या महादेवीला सांगितलं होतंस, तुमच्या ओसरीवर, मी ऐकत होतो. म्हणालास, "हे बघ, काचंचा वाल्व गप्प बसलेला असतोय तवाबी थोडा करंट पीत असतोय. लई पाजला की आतला पत्रा लाल व्हतोय आन् जळतोय. कमी पाजला की घसा कोरडा पडल्यावानी आवाज फाटतोय. मधी कुठं थांबायचं त्येच्यासाठी मशीनला मागं एक बारका स्क्रू असतोय. त्येलाच बायस म्हणायचं. आन् तो स्क्रू अण्णा सोडून कुणाला हात लावू देत न्हाईत." महादेवी म्हणाली, "मग ह्येंच्या हाताला बायस कोण लावतंय?" किती हसलो होतो आपण. तुझी बायको तुझ्याहून हुशार, हे मी तुला तोंडावर सांगितलेलं आहे.

माझी रीत तुला माहीत आहे. डोक्यावरून टॉवेल घ्यायचा, मशीनवर ओढायचा, भर दुपारी आत अंधार करायचा. वाल्वच्या आतला पत्रा कुठं लालसर दिसतो का बघायचं. दिसला की स्क्रू मागं घ्यायचा, मग भोंग्याला कान लावायचा. मीटर लावायचा नाही. आणि मशीन कुठल्या गावाला जाणार हे विचारल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. कारण प्रत्येक गावची लाईन निराळी. चिंताकीची लाईन संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या की एकशे सत्तर व्होल्टवर बसते, पहाटे मोटारी बंद झाल्या की अडीचशेवर चढते. करजगीची तर त्याहून वेडी. दोन्ही टोकांना वाल्व जगला पाहिजे. हे कुठल्या पुस्तकात नाही. गावोगाव मुक्काम करून, लोकांच्या ओसरीवर झोपून मी हे गोळा केलंय.

तू मात्र मीटर घेऊन फिरायचास. आठवतं, करजगीला जाताना? कलबुर्गीला गाडी बदलली आणि अफझलपूरच्या गाडीत बसल्यापासून जो तुझा-माझा वाद लागला, मीटर खरा का कान खरा, तो उतरेपर्यंत. मागच्या बाकावरचा एक म्हातारा शेवटी म्हणाला, "भावकीचं भांडण कोर्टात मिटतंय का कधी? दोघं मिळून मोजणी आणा की." त्याला वाटलं आपण बांधावरून भांडायलोय. तू त्याला म्हणालास, "मोजणीच आणा म्हणायलोय मी ह्येंला, ऐकनात!" मी तिथं हसलो नाही. दुकानात परत आल्यावर एकट्यानं हसलो.

मग तू निवृत्त झालास आणि तुला वेळच वेळ झाला. तोवर सगळीकडं चिपांची मशीनं आली होती. वाल्वचे अँप्लिफायर तीन देवळांत राहिले. चिंताकी, करजगी आणि इथलं आपलं वेशीवरचं. तिथल्या म्हाताऱ्यांना तोच आवाज पाहिजे होता. सप्ताह असो, जत्रा असो, आठ दिवस आधी जीप यायची. अण्णा, चला. जाऊन स्क्रू लावायचा, जेवायचं, पहिल्या दिवशी मांडवात पुढं बसायचं. पंच स्वतः येऊन विचारायचे, आवाज बरा हाय का अण्णा? माझी बायको जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. पोरगा पुण्यात, फोन करतो, खोटं का बोलू. पण वर्षातून तीन वेळा कुणीतरी मला न्यायला येतं, एवढ्यावर मी बाकीचे महिने काढायचो. हे मी तुला सांगितलं नव्हतं. असली गोष्ट कोण सांगतं?

एका रविवारी तू खिशातून बोर्ड काढलास. तळहाताएवढा. म्हणालास, "अण्णा, स्क्रू आपोआप फिरवणारी चीज हाय ही."

मी म्हणलो, "स्क्रू फिरवायला हात लागतोय."

"हात न्हाई लागत. वाल्वच्या पायाशी हे बारकं रेझिस्टर लावायचं. वाल्व किती पितोय ते बोर्ड बघणार. लई प्याला की दाबणार, कमी पडला की सोडणार. लाईन एकशे सत्तर येऊ द्या न्हाईतर अडीचशे, वाल्व नवा असू द्या न्हाईतर म्हातारा."

"आन् गाणं चालू असताना? तवा वाल्व जास्तच पितोय. तुझा बोर्ड तवाबी दाबणार?"

तुझा चेहरा असा उजळला. हाच प्रश्न मी विचारावा म्हणून तू आला होतास. "गाणं चालू असताना बघायचंच न्हाई त्येनं. दोन गाण्यांच्या मधी, भाषणात माणूस पाणी प्यायला थांबला की, जरा गप्प झालं की तेवढ्यात बघून घ्यायचं. मिनिटभर मिळालं तरी बास."

मी बोर्ड हातात घेतला. सोल्डर सुबक होतं, ते मान्य. मी विचारलं, कुठं थांबवायचं ठरवलंस? तू म्हणालास, पस्तीस मिल्लीअँप. म्हणलो, कुठून आणलास आकडा? आणि तू लाजलास. साठी ओलांडलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा लाजलास. "तुमी टॉवेल काढून चहाला गेलाव की मी मीटर लावून बघायचो. लई वर्सं. तुमी कुठल्याबी मशीनवर पस्तीसच्या आसपासच थांबताव. म्हणून तोच ठेवला."

शिवराज, ह्यापेक्षा मोठा मान मला जन्मात कुणी दिला नाही. आणि मी काय म्हणलो? मी म्हणलो, "चोरी केलीस म्हण की."

तू तरी गप्प बसायचं. तू म्हणालास, "अण्णा, उद्या तुमच्या माघारी ह्या तीन देवळांचं काय? कोण हाय फिरवणारा?" मी म्हणलो, "माझ्या मरणाची तयारी करायलास व्हय रे?" तू म्हणालास, "मशीनच्या जगण्याची करायलोय." वाद तिथं थांबला, संपला नाही. आता उलटं झालंय. फिरवणारा शिल्लक आहे आणि तयारी करणारा गेला. ह्यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचं होतं.

मग चिंताकीचा शिवनाम सप्ताह आला. दोन वर्षांपूर्वीचा. जीप आली, मी तुला बरोबर घेतलं. तिथं देवळात पंच चन्नप्पासमोर तू बोर्ड मशीनला जोडलास आणि मोठ्या आनंदानं म्हणालास, "चन्नप्पा, आता अण्णांना दर खेपेला तरास द्यायची गरज न्हाई. हे आपलं आपण बघून घेतंय." चन्नप्पा म्हणाला, "लई बेस झालं. त्येंचंबी वय झालं, जीपचे हिसके सोसत न्हाईत."

तू चांगल्या मनानं बोललास. तोही चांगल्या मनानं बोलला. मला मात्र ऐकू आलं, की हा म्हातारा आता नको.

चन्नप्पा चहा सांगायला गेला. तू बोर्डाकडं बघत, माझ्याकडं पाठ करून विचारलंस, "अण्णा, तुमी सातीच्या सात दिवस बसलाव सप्ताहात. पहारा बदलताना मिनिटभर तरी गप्प व्हत असतील न्हवं?"

तुला माहीत नव्हतं. सप्ताह नेमका गाळपाच्या दिवसांत यायचा, तुला उभ्या नोकरीत कधी रजा मिळाली नाही. निवृत्त झाल्यावर तुझं देऊळ म्हणजे माझं दुकान. तू तासभर येऊन प्रसाद घेऊन जाणारा माणूस. मी बसलेलो आहे. मला माहीत होतं की अखंड म्हणजे अखंड. पहाऱ्याला उभं राहिलेल्यांची जोडी बदलते, पण जुनी जोडी नाम म्हणत असतानाच नवी जोडी त्यात आवाज मिळवते. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते ती सुद्धा नाम चालू असताना, वाजत वाजत. सात दिवस, सात रात्री, त्या मांडवात एका श्वासाएवढीही फट पडत नाही. फट पडली तर सप्ताह मोडला म्हणतात.

आणि मी म्हणलो, "ऱ्हातेत की गप्प. मिनिट, दीड मिनिट."

तू मान हलवलीस आणि बोर्डाचा स्क्रू घट्ट केलास.

पुढं काय होणार ते मला दिसत होतं. बराच वेळ शांतता मिळालीच नाही तर गाणं चालू असतानाचाच आकडा खरा धरायचा, असं तू बोर्डात ठेवलं होतंस. ते तूच मला सांगितलं होतंस, वर म्हणाला होतास की अशी पाळी येणारच नाही. चिंताकीत तीच पाळी होती. नाम चालू, वाल्व भरपूर पितोय, बोर्डाला वाटतंय वाल्व बिघडला. तो थोडा दाबणार. तरी नाम चालूच. तो आणखी दाबणार. आपण परत आलो. सप्ताहाचा पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसून नुसती वाट बघितली. तिसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, भोंगा चिरकायलाय. बायका म्हणायलेत, शिवाचं नाव का भांडण, काय कळंना."

जीपचा आवाज ऐकून मला आनंद झाला. हे सांगायला लाज वाटतेय, पण झाला होता. आनंद.

तुला घरून उचललं. मांडवात शिरल्या शिरल्या मी आवाजाचं बटण खाली केलं, बोर्ड काढला, टॉवेल घेतला. अर्धा तास भोंगा बंद होता आणि नाम आपलं चालूच होतं, नुसत्या गळ्यांवर, टाळांवर. नामाला भोंगा लागतच नाही. इलाज तिथं डोळ्यासमोर उभा होता. पहारा बदलताना आवाजाचं बटण मिनिटभर खाली करा, एवढं एक वाक्य. नाम मोडत नाही, बोर्डाला त्याचं मिनिट मिळतं. मला टॉवेलाखाली ते सुचलं होतं. मी टॉवेलाखालीच ठेवलं. आपण होतो तेवढ्यात पहारा बदलला नाही, नाहीतर तुलाही कळलं असतं.

मी स्क्रू लावला. आवाज खुलला. म्हातारी माणसं हात जोडायला लागली. चन्नप्पा हसत तुला म्हणाला, "काय इंजिनेर सायब, मशीनला तुमच्या झोप लागली म्हणा की!" सगळे हसले. तूही हसलास. बोर्ड रुमालात बांधलास, चार कोपऱ्यांची गाठ मारून, कुणाची ठेव असावी तसा.

परत येताना जीपमध्ये तू विचारलंस, "कामून झालं असंल अण्णा?" तू माझ्याकडं बघत होतास. मी बाहेर उसाकडं बघत म्हणलो, "मशीन हाय. तिला काय कळतंय?"

त्यानंतरही तू दर रविवारी आलास. चहा प्यालास, पेपर वाचलास, गुडघ्याची तक्रार केलीस. बोर्डाचं नाव काढलं नाहीस. मी समजलो, हरलास आणि सोडून दिलंस. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटायचं नाही. आपल्या दोघांच्या मधे, चहाच्या कपांच्या शेजारी, ते न बोललेलं ठेवलेलं असायचं. एकदा तर मी म्हणायला तोंड उघडलं होतं. तू म्हणालास, "काय?" मी म्हणलो, "साखर कमी झालीय." तू उठून साखर आणलीस.

तू गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मी दुकान उघडलं. चहावाल्यानं सवयीनं दोन कप ठेवले आणि माझं तोंड बघून एक परत उचलला. मी म्हणलो, राहू दे. दोन्ही मीच प्यालो. दिवसभर कोणी आलं नाही. संध्याकाळी मी मोठ्यानं म्हणलो, मीटर खरा का कान खरा? पत्र्यावर कावळा चालत होता, तेवढाच आवाज.

अकराव्या दिवशी तुझ्या घरी तुझ्या नावानं आराधना झाली. जंगम जेवून गेले, पाहुणे गेले. मी निघालो तर महादेवी म्हणाली, "अण्णा, थांबा. ह्येंची एक वही हाय. मशीनचं लिहिलंय, मला काय कळंना. तुमाला कळंल." वही कानडीत. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून तिनं वाचलं आणि मी ऐकलं. पानंच्या पानं. हा रेझिस्टर बदलला, फरक नाही. तो कपॅसिटर बदलला, फरक नाही. वाल्व बदलून बघितला. तारेची जागा बदलून बघितली. दोन वर्षं, शिवराज. रविवारी माझ्याकडं बसून घरी जायचास आणि सोमवारी ह्याला बसायचास.

मी म्हणलो, "पहिलं पान वाच."

तिनं वाचलं. वर चिंताकी लिहिलेलं. खाली, ह्या गोष्टी पक्क्या आहेत, ह्यांच्यावर शंका घ्यायची नाही. वाल्व चांगला. ट्रान्सफॉर्मर चांगला. आणि तिसरं, पहारा बदलताना मिनिटभर शांतता असते. त्याच्यापुढं, "अण्णा हेळिद्दारे." अण्णांनी सांगितलंय.

महादेवी वाचत पुढं गेली, तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी म्हणलो, थांब. ती म्हणाली, "ते रोज हे घेऊन बसायचे. मी म्हणायची, टाका की कपाटात. तर म्हणायचे, आकडा कुठं तरी माझाच चुकलाय, अण्णांचं न्हाई चुकत."

तू जगातलं सगळं तपासलंस. माझा एक शब्द सोडून.

मी तिथं, तुझ्या ओसरीवर, तिला सांगितलं. सगळं. पहारा, वीणा, जीप, बटण. माझ्याच्यानं नीट सांगवलं नाही, दोनदा सांगावं लागलं. तिनं वही मिटली. पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "हे मला कामून सांगायलाव, अण्णा? मला त्यातलं काय कळतंय? ज्येंला कळत व्हतं त्येंला सांगायचं व्हतं."

मी उठून चपला शोधायला लागलो.

ती आत गेली आणि रुमालात बांधलेला बोर्ड घेऊन आली. माझ्यापुढं ठेवला. "घेऊन जावा. आज घरात ह्ये नको." चहा घ्या म्हणाली नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. बरोबर केलं तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं औरादला गेलो आणि तिथून चिंताकीला. बोलावणं नसताना त्या गावात उतरायची माझी पहिलीच वेळ. चन्नप्पा देवळाच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "अण्णा? जीप पाठवली न्हवती की आमी. सप्ताहाला अजून महिना हाय." मी म्हणलो, माहीत आहे. म्हणलो, शिवराज गेला. तो उठून उभा राहिला. मी म्हणलो, बस, अजून आहे.

देवळात आणखी सात-आठ माणसं होती. मी त्यांना जवळ बोलावलं, कारण त्या दिवशी तुला हसणारा एकटा चन्नप्पा नव्हता. उभं राहून सांगितलं. मशीन चुकलं नव्हतं, शिवराज चुकला नव्हता, त्यानं मला विचारलं आणि मी खोटं सांगितलं. मग चन्नप्पानं विचारलं, "आन् कामून सांगितलं असं?"

"तुमी परत मला न्यायला आला नसताव."

त्यानं खाली बघितलं. एका म्हाताऱ्यानं "शिव शिव" म्हणलं, माझ्यासाठी का तुझ्यासाठी ते मला कळलं नाही.

मी मशीन उघडलं आणि बोर्ड परत जोडला, तू जोडला होतास तसाच, तुझ्याच भोकांत. तुझा मीटर नव्हता म्हणून माझा लावला. होय, माझ्याकडं मीटर होता, कपाटात मागं, पंधरा वर्षांपासून. हेही तुला सांगितलं नव्हतं. एकाला माईकपुढं शिवनाम म्हणायला बसवलं, थोड्या वेळानं आवाजाचं बटण खाली केलं. तो म्हणतच राहिला. काटा हलला, खाली आला, पस्तीसवर थांबला. मी कशालाही हात लावला नव्हता. चन्नप्पाला बटण दाखवलं. म्हणलो, पहारा बदलला की एवढं खाली, मिनिटभर, मग परत वर. नाम चालू ठेवा.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

मागं माझा जुना स्क्रू तसाच होता. तो कुणी फिरवला तर बोर्डाचा हिशेब बिघडतो. मी गाभाऱ्यासमोरची मेणबत्ती मागून घेतली आणि स्क्रूच्या खाचेत मेण सोडलं, थेंब थेंब, खाच दिसेनाशी होईपर्यंत.

चन्नप्पा वाकून बघत होता. "अण्णा, आन् सप्ताहाला तुमी येणार न्हवं?"

मी मेणावर बोट ठेवून बघितलं. धरलं होतं.